दावणीला बांधलेली मोटार



या सदरात आपण बियाणे, खते, कीड आणि दुभती जनावरे यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा आहे. खरिपाच्या तोंडावर देवणी तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून निघालो, तोच एका आप्पांनी मला ओसरीवर बसवून घेतले. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला हाती आला होता आणि थोरल्या मुलाने हैदराबादेत एक वापरलेली भारी हायब्रीड मोटार पाहून ठेवली होती. आप्पा म्हणाले, "साहेब, पोरगं म्हणतंय पेट्रोल निम्मंच लागतंय. घ्यावं का न घ्यावं, तुम्हीच सांगा." एवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "आधी बोअरची मोटार बदला म्हणावं, मग ती मोटार आणा!"

मी शेतीचा पदवीधर, मोटारीचा नव्हे. पण ही गाडी आता आपल्या भागातही दिसू लागली आहे आणि तिच्यापायी एका घरावर आलेली वेळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून चार गोष्टी सांगतो.

हायब्रीड म्हणजे दोन ताकदींवर चालणारी गाडी. एक पेट्रोल इंजिन आणि एक विजेची मोटार. बैलजोडीसारखेच समजा. निघताना व हळू चालताना विजेची मोटार ओढते, वेगात इंजिन ओढते आणि चढ आला की दोघे मिळून ओढतात. ब्रेक दाबला की तीच मोटार उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. त्यामुळे साध्या हायब्रीडला घरी तार जोडून चार्ज करावे लागत नाही. जपानमध्ये टोयोटाची प्रियस १९९७ साली आली. आपल्याकडे २०१३ पासून कॅमरी हायब्रीड कर्नाटकात बिडदीला जुळवली जाऊ लागली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात इनोव्हा हायक्रॉस आली. या कारखान्यात जपानी कंपनीबरोबर किर्लोस्करांचे नाव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल, म्हणून शेतकरी तो घेईनात, असे सांगतात. तेव्हा नव्या यंत्राला भिऊ नये. मात्र ते समजून घ्यावे.

आधी हिशेब. ब्रेक जितके जास्त, तितकी हायब्रीडची बचत जास्त. पुण्या-मुंबईच्या गर्दीत ती खरी कमावते. उदगीर-लातूरच्या सरळ रस्त्यावर बचत होते, पण त्या मानाने कमी. समजा साधी गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि हायब्रीड १८. महिन्याला १,००० किलोमीटर चालवली तर सुमारे २८ लिटर पेट्रोल वाचेल. शंभर रुपये लिटर धरले तर वर्षाला ३३ हजारांच्या आसपास. पण दोन्ही गाड्यांच्या किमतीत पाच लाखांचा फरक असेल, तर तो भरून यायला पंधरा वर्षे लागतील. आणि गाडी महिन्याला ३०० किलोमीटरच फिरणार असेल, तर वर्षाची बचत दहा हजारांवर जात नाही. तेव्हा ऐटीसाठी घ्यायची तर ऐटीसाठी घ्या, पण काटकसर म्हणून घेतो असे घरात सांगू नका.

जुनी गाडी घेताना माळेगावच्या यात्रेत बैल घेतो तसे घ्यावे. तिथे आपण झूल पाहत नाही, दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. हायब्रीडचे दात म्हणजे तिची मोठी बॅटरी. कंपनीच्या कार्यशाळेत नेऊन ती यंत्रावर तपासून घ्यावी आणि कागद लेखी घ्यावा. टोयोटाच्या हायब्रीड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तितकी हमी आहे. ती पहिल्या खरेदीपासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नव्हे. गाडी फार जुनी असेल तर तिला कोणती हमी होती, ते तिच्या पुस्तकात पाहावे. सर्व्हिसची नोंद पाहावी. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते, इकडे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि कर भरावा लागतो. स्वस्त दिसणारा सौदा इथेच महाग पडतो.

आता त्या घराची गोष्ट. गेल्या वर्षी पेरणीच्या दिवसांत एका ओळखीच्या कुटुंबाने आपली हायब्रीड गाडी कडब्याच्या पडवीत लावली. शेजारी सोयाबीनची पोती. कामाच्या धबडग्यात दीड-दोन महिने कोणी गाडीला हात लावला नाही. एका पावसाळी रात्री घरातल्या आजींना दम लागला. मुलगा धावत गाडीत बसला, बटण दाबले, पण एक दिवाही लागेना. शेवटी शेजाऱ्याची जीप निघाली आणि आजी उदगीरला पोहोचल्या. आजी वाचल्या, पण मधला अर्धा तास त्या घरातले कोणी विसरणार नाही.

दोष गाडीचा नव्हता. हायब्रीडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. गाडी जागी करण्याचे काम तिचे. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मंडळी गाडीला दोर लावून ट्रॅक्टरने ओढायच्या तयारीत होती. मी हात आडवा घातला. पुढे मेकॅनिकने पाहिले तेव्हा हवेच्या जाळीत भुस्सा दाटला होता आणि उंदरांनी एक वायरही कुरतडली होती.

म्हणून गाडीवाल्या घरांनी एवढे पाळावे :

१. गाडी उभी असली तरी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास फिरवावी. दावणीचा बैल जसा फिरवतो तशी. किल्ली गाडीजवळ ठेवू नये.

२. मोठ्या बॅटरीला थंड हवा देणारी जाळी बहुधा आसनाजवळ असते. तिच्यासमोर पोती, चादर, सामान ठेवू नये. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तिची सफाई प्रत्येक सर्व्हिसला मागून करून घ्यावी.

३. धान्य, कडबा आणि गाडी एका छपराखाली नकोत. उंदीर आपोआप येतात.

४. नारंगी रंगाच्या तारांना हात लावू नये. त्यांत जिवावर बेतेल इतका दाब असतो. गावच्या वायरमनचे हे काम नव्हे.

५. इंजिनचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असे समजू नये. समोर 'रेडी' दिवा असेल तर पाय पडताच ती पळते आणि इंजिन आपोआपही सुरू होते. लेकरांना आत सोडून उतरू नये. बंद खोलीत तशी ठेवू नये, धुराने गुदमरण्याचा धोका असतो.

६. पेट्रोल संपेपर्यंत चालवू नये. बॅटरीवर ती फार दूर जात नाही आणि बॅटरीचेही नुकसान होते.

७. बंद पडली तर दोराने ओढू नये. चाके फिरली की मोटार वीज तयार करते. सपाट गाडीवर चढवूनच न्यावी. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या तर महागडे भाग जळतात.

८. कूलंटमध्ये बोअरचे पाणी आणि इंजिनमध्ये ट्रॅक्टरचे ऑइल घालू नये. पुस्तकात सांगितले असेल तेच घालावे. फवारणीच्या पंपाने बॉनेटखाली पाणी मारू नये.

९. पुरात उभी राहिलेली गाडी सुरू करून पाहू नये. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात पाणी गावांत शिरले, ते आपण विसरलो नाही. विमा घेताना पुराचे पाणी, इंजिन आणि हायब्रीड बॅटरी यांची भरपाई मिळते का, ते लेखी विचारून घ्यावे.

आप्पांचे काय झाले, हे विचाराल. मुलगा हैदराबादला गेला आणि बॅटरीची तपासणी मागितली. विकणारा टाळाटाळ करू लागला, तसा हा रिकाम्या हाताने परत आला. घरात दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. परवा त्या गावी गेलो तर बोअरला नवी मोटार बसली होती आणि काकू हळदीला पाणी देत होत्या. गाडीचे सुगीनंतर पाहू, असे ठरले आहे. मुलाने मात्र वही काढून महिन्याला आपण किती किलोमीटर फिरतो, ते लिहायला सुरुवात केली आहे. हिशेबाची सवय लागली, हीच मोठी कमाई.

पुढच्या आठवड्यात सोयाबीनवरील चक्रीभुंग्याविषयी. तोवर रामराम.