लिलांवांतील स्वस्ताई कोणाच्या पदरची?

बुडालेल्या कंपनीच्या मालाचा लिलांव निघाला कीं आमच्या पेठेंतील व्यापाऱ्यांचे कान टवकारतात. त्यांत गैर कांहींच नाहीं. यंत्र गंजत पडण्यापेक्षां कोणीं तरी चालविलेलें बरें. मात्र हा माल 'आहे तसा, आहे तेथें' विकला जातो. मोटार जळलेली निघाली तरी दाद मागण्यास जागा नाहीं. म्हणून अनामत भरण्यापूर्वीं माल डोळ्यांनीं पाहावा आणि हलविण्याचा खर्च व कर धरूनच बोली करावी.

हें झालें शहाणपणाचें. पण चार खरेदीदार आधींच संगनमत करून बोली पाडतात, व त्यास चातुर्य म्हणतात! लिलांव आतां संगणकावर होतो. कट मात्र पूर्वींच्याच चहाच्या दुकानांत शिजतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमान्वयें, प्रक्रियेचा खर्च वजा जातां, कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीचा हक्क तारण सोडून देणाऱ्या सावकारांच्या बरोबरीचा आहे. पाडलेल्या बोलीचा रुपया त्या वांट्यांतूनच जातो. २००२ च्या स्पर्धा कायद्यानें असें संगनमत निषिद्धच ठरविलें आहे. लिक्विडेटरांनीं पाहणीस पुरेशी मुदत द्यावी, म्हणजे बाहेरगांवचें गिऱ्हाईकही बोलीस उतरेल.