वाङ्मयचौर्य आणि उशीचा अभ्रा

गृहसजावटीच्या पुरवण्यांतून उशीचे अभ्रे, पडदे, चहाचे मग यांवर 'वारली' झळकते, आणि त्याला 'प्रेरणा' म्हणण्याचा प्रघात आहे. आमचा आक्षेप या शब्दालाच आहे. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक सवासिनी लिहितात, सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. चौकात पालघट देवी असते. तिच्यावाचून लग्न लागत नाही. अभ्र्यावर मात्र तारप्याभोवतीचा फेर तेवढा उतरतो. देवी गळते, लिहिणारीही गळते.

चित्र भिंतीवरून कागदावर आले, यात गैर काही नाही. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात तेच केले, पण स्वतःच्या नावानिशी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मानांकन समूहाचा हक्क सांगते. चितारणाऱ्या एकेका हाताचे नाव त्यात येत नाही.

दुसऱ्याचा मजकूर नाव गाळून छापला, तर आपण त्याला वाङ्मयचौर्य म्हणतो. मग चित्राला वेगळा न्याय का? अभिरुचीचा टेंभा मिरवणाऱ्यांनी खरेदीपूर्वी इतकेच विचारावे: हे कोणी काढले, आणि त्यांच्या हाती काय पडले? विक्रेत्याकडे उत्तर नसेल, तर आपली भिंत कोरीच बरी.