छायाचित्राची परीक्षा की पाठांतराची?

दर वर्षी १६ एप्रिल जवळ आला की एक जुने छायाचित्र हातोहाती फिरू लागते. पाण्यावर कमानींचा लांबलचक पूल आणि त्या पुलावर आगगाडी. खाली मथळा असतो : भारतातील पहिली रेल्वेगाडी, बोरीबंदर ते ठाणे, १८५३. वर्तमानपत्रे ते छापतात, पुढारी शुभेच्छांसह ते वाटतात आणि ठाणेकरांचा ऊर अभिमानाने भरून येतो. वस्तुतः पहिली गाडी ठाण्याला येऊन थांबली होती. ठाण्यापलीकडे पाणी ओलांडून कल्याणला जाणारा मार्ग खुला झाला तो १ मे १८५४ रोजी. हे चित्र ज्या पुलाचे म्हणून ओळखले जाते, तो पूल या कल्याणच्या वाटेवरचा. आणि चित्रही सर्वसाधारणपणे १८५५ सालचे मानले जाते. म्हणजे ज्या पुलावर पहिली गाडी गेलीच नाही, त्या पुलावरील गाडीला पहिली म्हणून दर वर्षी हार घातले जातात.

डोंबिवलीहून मुंबईकडे जाणारा विद्यार्थी ही खाडी दिवसातून दोनदा ओलांडतो. चित्रातील जागा, तारीख आणि मथळा यांचा मेळ बसत नाही, हे त्याच्याइतके सहज दुसऱ्या कोणाला कळावे? तरीही माध्यम-अभ्यासाची तीन वर्षे पुरी करून पदवी घेतलेला हाच तरुण ते चित्र त्याच मथळ्यासह पुढे पाठवतो. दोष त्याचा नाही. चित्राची उलटतपासणी करायची असते, हे त्याच्याकडून कोणत्याही परीक्षेने कधी मागितलेलेच नाही.

मुंबई विद्यापीठाचा माध्यम-अभ्यासक्रम पूर्वी बीएमएम म्हणून ओळखला जाई; २०१९ पासून तो बीएएमएमसी या नावाने चालू लागला. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील महाविद्यालयांतून तो शिकवला जातो. छायाचित्रण हा त्यातील एक विषय, आणि त्या विषयात तंत्राबरोबर थोडा इतिहासही येतो. या इतिहासाची परीक्षा होते ती बहुतेक ठिकाणी एकाच रीतीने. न्येप्सने खिडकीतून घेतलेले चित्र, दागेरचा शोध १८३९ चा, टॅल्बटची पद्धत १८४१ ची, ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा १८८८ चा, लायका १९२५ चा. टिपा लिहा, फरक स्पष्ट करा, थोडक्यात उत्तरे द्या. अपेक्षित प्रश्नांचा संच परीक्षेच्या आदल्या रात्री वाचला की उत्तीर्ण होण्यापुरते गुण हाती येतात. छायाचित्राच्या इतिहासाच्या या परीक्षेत प्रत्यक्ष छायाचित्र मात्र एकही नसते. काव्याच्या परीक्षेत कविता न देता केवळ कवींच्या जन्मतारखा विचाराव्यात, तसा हा प्रकार आहे.

उरलेले गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. तेथे चित्र असते, परंतु ते विद्यार्थ्याने स्वतः काढून आणलेले. त्याची छपाई कशी आहे, पार्श्वभूमी किती सुरेख धूसर झाली आहे, अल्बम किती नेटका बांधला आहे, यावर गुण पडतात. ज्याच्या घरी साठ-सत्तर हजारांचा कॅमेरा आणि दोन भिंगे आहेत, त्याची पार्श्वभूमी आपोआप धूसर होते. कल्याण पूर्वेच्या चाळीत राहणारी आणि कॅमेरा दोन दिवसांच्या बोलीवर उसना आणणारी मुलगी तेथे हरते, आणि ती हरली ती कौशल्यात, असा शेरा तिच्या गुणपत्रिकेवर कायमचा बसतो. एका परीक्षेने स्मरणशक्ती मोजली, दुसरीने बापाची मिळकत मोजली. विषय किती कळला, हे कोणी मोजले?

ही केवळ शिक्षकांच्या आळसाची गोष्ट आहे, असे समजणे हा भाबडेपणा ठरेल. तिच्यामागे अर्थशास्त्र आहे. महाराष्ट्रात १९८३ साली व्यावसायिक शिक्षणात विनाअनुदानित महाविद्यालयांचे दार उघडले गेले, आणि २००१ नंतर नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदान’ या तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. माध्यम-अभ्यासासारखे ‘स्वयंअर्थसहाय्यित’ अभ्यासक्रम याच वाटेने जुन्या अनुदानित महाविद्यालयांच्या इमारतींतही शिरले. शुल्क विद्यार्थ्याचे, इमारत पूर्वीच्या पिढीच्या देणग्यांची आणि सरकारी अनुदानाची, तर शिक्षक तासिका तत्त्वावरचा. या शिक्षकाला वर्गातील तासाचे पैसे मिळतात. घरी बसून साठ विद्यार्थ्यांचे निबंध वाचण्याचे, प्रत्येकावर चार ओळींचा अभिप्राय लिहिण्याचे पैसे कोणीही देत नाही. सकाळी ठाण्याला, दुपारी डोंबिवलीला आणि संध्याकाळी खाजगी शिकवणीला पळणाऱ्या या माणसाने कोणता प्रश्न काढावा? जो चटकन तपासून होईल तोच. तारखांचा प्रश्न अर्ध्या मिनिटात तपासता येतो, चित्राच्या अर्थाचा प्रश्न दहा मिनिटे घेतो. बाजाराच्या हिशेबात पहिला प्रश्न स्वस्त आहे, म्हणून तोच टिकतो. स्वस्त मोजमापाने शिक्षणाचा आकारच बदलून टाकला आहे, कारण जे विचारले जात नाही ते शिकवले जात नाही आणि जे शिकवले जात नाही ते शिकले जात नाही.

विद्यापीठाच्या कारभाऱ्यांना या रोगाचे निदान कधीच करायचे नव्हते. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची, असा निर्वाळा दिला होता. त्यानंतर सत्तरएक वर्षांनी मुंबई विद्यापीठाने सुधारणा केली ती कोणती? २०१७ च्या उन्हाळ्यात लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींना कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. त्या गदारोळात उत्तरे कोणत्या वेगाने तपासावीत याचीच सारी चर्चा झाली. प्रश्न काय दर्जाचे विचारले जातात, याची चौकशी सत्ताधाऱ्यांनी केली नाही आणि, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे, विरोधकांनीही केली नाही.

छायाचित्रणाच्या इतिहासात पाठांतरापलीकडे असे काय आहे, असे कोणी विचारील. कॅमेऱ्यामागे कोण उभा होता आणि कॅमेऱ्यापुढे कोणाला उभे केले गेले, हा त्या इतिहासाचा गाभा आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीत वावरणारे नामवंत छायाचित्रकार होते. युरोपात ही कला जाहीर झाल्यापासून वीस वर्षांच्या आत तिने मुंबईत मूळ धरले होते, हे दागेरची तारीख घोकणाऱ्या किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते? आणि त्याच काळात साम्राज्याने या यंत्राचा वापर कशासाठी केला? १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. त्यांत जातीजमातींचे नमुने वस्तुसंग्रहालयातील नगांसारखे मांडले गेले. कोणती जात भरवशाची आणि कोणती जमात उपद्रवी, अशा शेऱ्यांसह राज्यकर्त्यांनी प्रजेची ती वहीच तयार केली.

कल्याण हे जंक्शन झाले ते दोन घाटांमुळे. त्यांतील बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येताच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. या कामाची छायाचित्रे तिच्या नावावर आहेत, आणि स्थापत्याचा पराक्रम म्हणून ती दाखवली जातात. त्या घाटात पटकी, ताप आणि सुरुंग यांनी जी हजारो माणसे मेली, त्यांची नावे कोणत्याही चित्राखाली नाहीत. १८७६-७८ च्या मद्रासच्या दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांचे सापळे ओळीने बसवून त्यांची चित्रे घेतली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनीही उपाशी माणसांचीच चित्रे घेतली, आणि ती कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकात छापली गेली. त्या पक्षाच्या तेव्हाच्या राजकारणाशी समाजवाद्यांचे तीव्र मतभेद होते, तरी या चित्रांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. विषय तोच, यंत्रही तेच. मग दोन चित्रांत फरक कोठे आहे? चित्र कोणासाठी काढले, कोठे छापले, पाहणाऱ्याकडून काय मागितले? हा प्रश्न सोडवू शकणारा विद्यार्थी छायाचित्रणाचा इतिहास शिकला असे म्हणता येईल. लायकाचे साल त्याला पुस्तकात केव्हाही सापडेल.

याविरुद्ध नेहमीचे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा, की अशा उत्तराला गुण देणे परीक्षकाच्या लहरीवर जाईल. परंतु कसोट्या आधी ठरवून जाहीर करता येतात : चित्रात प्रत्यक्ष काय दिसते ते नेमके टिपले का, मथळा आणि चित्र यांतील फरक ओळखला का, काळ व स्थळ यांविषयीच्या विधानाला पुरावा दिला का, जे चित्रावरून सांगता येत नाही ते सांगता येत नाही, असे कबूल केले का. या चार कसोट्यांवर दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि तफावत मोठी असेल तर तिसऱ्याने पाहावे. लहरीपणाची भीती बाळगणाऱ्यांना अल्बमच्या बांधणीवर दिलेले गुण मात्र आजवर कधी लहरी वाटले नाहीत!

दुसरा आक्षेप रोजगाराचा. नोकरी देणारा चित्र कसे काढता ते पाहील, इतिहास विचारणार नाही, असे सांगितले जाते. कौशल्य अवश्य शिकवावे. पण ते महाविद्यालयाच्या कॅमेऱ्यावर, सर्वांना सारखा वेळ देऊन तपासावे. शुल्क घेणाऱ्या संस्थेने साधन पुरवायचे नाही आणि साधनाच्या अभावाची शिक्षा मात्र विद्यार्थ्याला करायची, हा न्याय गिरणीमालकांच्याही डोक्यात आला नव्हता. मजुराने स्वतःचा माग घेऊन कामावर यावे, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

तिसरा आक्षेप चळवळीतूनच येतो. सरकारी शाळा बंद पडत असताना महाविद्यालयीन छायाचित्रणाची चिंता कसली, असे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु आज बनावट चित्र घडवायला खोली आणि रसायने लागत नाहीत. यंत्राला दोन ओळी सांगितल्या की न घडलेला दंगा आणि न भरलेली सभा पडद्यावर उभी राहते. अशा काळात चित्राचा मथळा तपासू शकणारे तरुण वस्तीवस्तीत असणे, ही लोकशाहीची प्राथमिक गरज आहे. माध्यमांची पदवी देणारी महाविद्यालयेही ते घडवीत नसतील, तर ते घडवायचे कोणी?

मागण्या स्पष्ट असाव्यात. लेखी परीक्षेत किमान अर्धे गुण न पाहिलेल्या छायाचित्राच्या वाचनाला असावेत. अंतर्गत गुणांतून साधनसामग्रीची किंमत वजा व्हावी. मराठीत उत्तर लिहिणाऱ्याला मराठीत संदर्भसाहित्य मिळावे. मूल्यमापनाच्या तासांचे वेतन तासिका तत्त्वावरील शिक्षकाला मिळावे, आणि तपासलेले काम अभिप्रायासह विद्यार्थ्याच्या हाती परत यावे. चूक कोठे झाली हे न सांगणारी परीक्षा शिक्षण देत नाही, फक्त निवाडा देते.

याखेरीज प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एक जुने छायाचित्र शोधून त्याचा इतिहास लिहावा आणि तोंडी परीक्षेत त्याचे समर्थन करावे. सामग्रीची वाण नाही. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगर वसले. फाळणीतून आलेल्या कुटुंबांच्या पेट्यांत त्या दिवसांची चित्रे असतील. वागळे इस्टेटमधील कारखाने गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. निवृत्त कामगारांच्या भिंतींवर निरोप-समारंभांची समूहचित्रे उरली आहेत. आंबिवलीची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांची देणी पुढे वर्षानुवर्षे अडकून राहिली. त्या कारखान्याच्या एखाद्या खात्याचे समूहचित्र घेऊन त्यातील पाच कामगारांची नावे शोधून काढणारी मुलगी इतिहासाचे जे काम करील, ते अपेक्षित प्रश्नसंच कधीही करू शकणार नाही. तिला त्यासाठी महाग कॅमेरा लागणार नाही. तिच्या आजोबांची ओळख तेथे उपयोगी पडेल, आणि शिक्षणव्यवस्थेत असा प्रसंग तिच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. निवडणुकीच्या वेळी मतदार-नोंदणीची धावपळ होते, नंतर अधिसभेत काय विचारले गेले याचा कोणी हिशेब मागत नाही. ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील महाविद्यालयांच्या गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका गोळा कराव्यात आणि त्यांत किती प्रश्न पाठांतराचे व किती आकलनाचे ते मोजून अधिसभा-सदस्यांपुढे ठेवावे. हे काम दोन रविवारांचे आहे. त्यासाठी आयोग नेमावा लागत नाही, आणि सरकारची परवानगीही लागत नाही.