आमच्या तहानेच्या नावानं

२०१६ साली पुण्याची टीम हरली ती आमच्यामुळं, असं मला पोराच्या चाकणच्या खोलीवर त्याच्या दोस्तानं ऐकवलं. "अण्णा, तुमच्या दुष्काळानं आमचं घरचं मैदान गेलं." पाहुणा माणूस मी, गप चहा प्यालो. आज बोलतो.

पुण्याच्या नावाची नवी टीम, कप्तान धोनी, सलामीला संगमनेरकडचा अजिंक्य रहाणे. मी त्यांचा झालो तो एवढ्यावरच. ९ एप्रिलला वानखेडेवर त्यांनी मुंबईला नऊ गडी राखून हाणलं, तर दुसऱ्या दिवशी मी पारावर सगळ्यांना भेळ चारली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. पाच लाख लिटर. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी तर आधीच लागली होती. १३ तारखेला हायकोर्टाचा आदेश निघाला, ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पुण्याच्या १ मेच्या सामन्याला तेवढी सवलत मिळाली.

आता त्या दोस्तानं हिशोब ऐकावा. गहुंजेच्या घरच्या मैदानावर टीम चार सामने खेळली आणि चारही हरली. बंगळूरकडून १३ धावांनी, कोलकात्याकडून दोन गड्यांनी, गुजरातकडून शेवटच्या चेंडूवर, मुंबईकडून आठ गड्यांनी. गुजरातच्या दिवशी स्मिथनं शंभर ठोकले, टीमच्या १९५ झाल्या, तरी सामना घालवला. त्या रात्री मी जेवलो नाही. कारभारीण म्हणली, "अहो, हंडाभर पाण्याची पंचाईत, अन् तुम्ही त्या गड्यांपायी उपाशी निजता?" तिला उत्तर नव्हतं.

उलट मैदान हललं आणि विशाखापट्टणमला तीनातले दोन जिंकले. हरला त्या सामन्यात झाम्पानं १९ धावांत सहा बळी घेतले होते, तरी फलंदाजांनी माती खाल्ली, चार धावा कमी पडल्या. पीटरसन, डु प्लेसी, मार्श, स्मिथ, एकामागून एक जायबंदी होऊन घरी गेले. चार बैल बसल्यावर नांगर चालायचा कसा? हे सगळं सोडून दोष कुणाला, तर टँकरची वाट बघणाऱ्याला!

बरं, मैदान हलवून आम्हाला काय मिळालं? महाराष्ट्रातल्या सामन्यांना साठ लाख लिटर पाणी लागणार, असा आकडा कोर्टात सांगितला गेला. ऐकायला डोंगराएवढा. पण पाटानं भिजवला तर एका एकरातला ऊस वर्षाला पाऊण ते एक कोटी लिटर पितो. म्हणजे सगळ्या राज्यातलं क्रिकेट एक एकर उसाला पुरलं नसतं. मला हे ठाऊक, कारण माझाच दीड एकर ऊस होता. बोअर आटेपर्यंत पाजला मी त्याला. शेजारच्या आळीत घागरी रिकाम्या होत्या तेव्हाही. कारखान्याची तोड मिळणार, पैसा बुडणार नाही, म्हणून लावला. तुरीला तसा भरवसा कोण देतो?

कोर्टाला मी नावं ठेवत नाही. हिरवळीवर पाणी मारताना बघून तहानलेल्या माणसाचं पित्त खवळणारच, माझंही खवळलं होतं. पण सामने हलवणं सोपं होतं, म्हणून तेवढंच हललं. ऊस जागचा हलला नाही. टीव्हीवर मात्र आमच्या भेगाळलेल्या जमिनी दाखवून झाल्या, आणि शहरातल्या माणसाला वाटलं, चला, दुष्काळासाठी आपण काहीतरी सोडलं. कुणी सोडलं? आणि पोचलं कुणाला?

२१ मेला शेवटचा सामना. शेवटच्या षटकात २३ हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर सहा, आणि धोनीनं षटकार मारला. मी एकटाच ओरडलो. टीम चौदापैकी पाच जिंकून आठात सातवी आली. बाहेर ओट्यावर हंडे रांगेत लावून ठेवले होते, टँकर दुसऱ्या दिवशी दुपारी आला.