चिठ्ठी लावली, पण वाचणार कोण?

आपल्या शाळेतून बारावी होऊन अभियांत्रिकी, बी.सी.ए. किंवा एम.सी.ए.कडे गेलेली मुले-मुली सुट्टीत शाळेत येतात, तेव्हा आपले प्रोजेक्ट हौसेने दाखवतात. बहुतेकांचे काम जावा भाषेत, स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क वापरून केलेले असते. मुले आपल्या पायावर उभी राहात आहेत याचा आनंद आहेच. पण प्रोग्राममधल्या ‘@’ या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी कशासाठी आहेत, असे विचारले की पुष्कळदा एकच उत्तर येते : ‘ती लावावीच लागते.’ या उत्तराविषयी पालकांशी, शिक्षकांशी आणि खुद्द या मुलांशी थोडे बोलावेसे वाटते.

आधी या ओळींचे काम पाहू. वेबवरच्या प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनकडे सतत विनंत्या येत असतात. प्रत्येक विनंतीत एक पत्ता असतो आणि एक रीत असते. माहिती मागायची असेल तर ‘गेट’, माहिती पाठवायची असेल तर ‘पोस्ट’. समजा, शाळेच्या निकालाच्या अ‍ॅप्लिकेशनकडे ‘निकाल/४२’ अशी विनंती आली. प्रोग्राममध्ये शेकडो फंक्शन्स असतात. त्यांतले नेमके कोणते चालवायचे, हे कुठेतरी लिहून ठेवावेच लागते.

पूर्वी हे वेगळ्या फाइलीत लिहीत. जावाच्या सर्व्लेटसाठी ‘वेब डॉट एक्सएमएल’ नावाची फाइल असे आणि तिच्यात एकेका सर्व्लेटच्या दोन नोंदी कराव्या लागत : या नावाचा क्लास कोणता, आणि या नावाकडे कोणता पत्ता पाठवायचा. स्ट्रट्स या फ्रेमवर्कची अशीच आपली स्वतंत्र फाइल होती. काम वाढले की या फायली लांबलचक होत. क्लासचे नाव इकडे बदलले आणि फाइलीत बदलायचे राहिले, तर चूक प्रोग्राम चालवल्यावरच कळे.

२००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅनोटेशन आले. २००७ च्या स्प्रिंग २.५ मध्ये ‘@कंट्रोलर’ आणि ‘@रिक्वेस्टमॅपिंग’ आले, २००९ च्या सर्व्लेट ३.० पासून ‘वेब डॉट एक्सएमएल’ची सक्ती उरली नाही, आणि २०१६ च्या स्प्रिंग ४.३ मध्ये ‘@गेटमॅपिंग’सारखे आटोपशीर रूप मिळाले. आता निकाल देणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावरच पत्ता लिहिला की झाले. पत्त्यातला ४२ हा आकडा फंक्शनला हवा असेल, तर त्याच्यापुढे ‘@पाथव्हेरिएबल’ लिहायचे. काम आणि कामाची सूचना एकाच जागी आली. ही सुधारणा खरीच आहे. जुन्या पद्धतीचेही एक बलस्थान होते. सगळे पत्ते एका फाइलीत एका नजरेत दिसत आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता बदलता येत. तरीही रोजच्या कामाला नवी पद्धत सोयीची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. अ‍ॅनोटेशन स्वतः काहीच करत नाही. ती फक्त चिठ्ठी आहे. मी हिंदी माध्यमातून पदवी घेतली. सरकारी हिंदीत फाइलीवरच्या शेऱ्याला ‘टिप्पण’ म्हणतात. टिप्पण कितीही सुंदर लिहा, फाइल ज्याच्या टेबलावर जायची त्याच्याकडे गेलीच नाही तर काम जागचे हलत नाही. इथेही तसेच आहे. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना स्प्रिंग ठरलेल्या पॅकेजमधले क्लास तपासते, त्यांवरच्या चिठ्ठ्या वाचते आणि आपल्याजवळ एक तक्ता तयार करते : हा पत्ता, ही रीत, हे फंक्शन. पुढे प्रत्येक विनंती ‘डिस्पॅचरसर्व्लेट’ या एकाच दारातून आत येते आणि त्या तक्त्यानुसार योग्य फंक्शनकडे जाते. एकाच पत्त्यावर, एकाच रीतीने, दोन फंक्शन्सनी दावा केला तर अ‍ॅप्लिकेशन सुरू व्हायलाच नकार देते, कारण तक्ता बनवतानाच तंटा उघड होतो.

हा वाचणारा ज्याला माहीत नाही, तो कुठे अडतो याची तीन उदाहरणे देतो.

पहिले : चिठ्ठी बिनचूक आहे, पण क्लास भलत्याच पॅकेजमध्ये ठेवला आहे. स्प्रिंग बूट सहसा मुख्य क्लासचे पॅकेज आणि त्याच्या पोटातली पॅकेजेसच धुंडाळते. बाहेरची चिठ्ठी कोणी वाचत नाही. चूक म्हणून एक अक्षरही दिसत नाही, फक्त ४०४ येतो. मुलगा पत्त्याचे स्पेलिंग तपासत रात्र काढतो.

दुसरे अधिक गंभीर आहे. प्रवेश अर्जाच्या क्लासमध्ये प्रत्येक रकान्यावर नियम लिहिले : नाव रिकामे नको, वय इतक्यापेक्षा कमी नको. पण अर्ज स्वीकारणाऱ्या फंक्शनमध्ये त्या अर्जापुढे ‘@व्हॅलिड’ लिहायचे राहिले. मग अर्ज आत येताना ते नियम कोणी तपासतच नाही. पाहणाऱ्याला वाटते बंदोबस्त चोख आहे, आणि दार सताड उघडे. हा अर्ज उद्या शाळेचा, दवाखान्याचा किंवा बँकेचा असेल.

तिसरे : २०२२ च्या स्प्रिंग ६ पर्यंत ‘निकाल’ आणि शेवटी तिरपी रेघ असलेला ‘निकाल/’ हे दोन पत्ते आपोआप एकच धरले जात. सहाव्या आवृत्तीपासून ते वेगळे धरले जातात. चिठ्ठीचा एक काना-मात्राही बदलला नाही, पण वाचणाऱ्याचा नियम बदलला. ज्याने फक्त चिठ्ठी पाठ केली, त्याला हे कसे उमगणार?

यावर कोणी म्हणेल, मोटार चालवायला इंजिन कशाला समजायला हवे? बरोबर आहे. पण आपली मुले मोटारीतून फिरायला चाललेली नाहीत, ती मेकॅनिक व्हायला चालली आहेत. कंपनीत गेल्यावर सगळे सुरळीत चालू असताना त्यांची आठवण कोणाला येणार नाही; बिघडल्यावर येईल. तयार ओळी तर आज संगणकच लिहून देतो. अशा दिवसांत ‘लावावीच लागते’ एवढेच ज्ञान असलेल्या मुलाची किंमत काय राहणार, याचा पालकांनी विचार करावा. आपल्याकडे हिंदी किंवा मराठी माध्यमातून पुढे गेलेल्या मुलांना तर ही घोकंपट्टी जास्तच जवळची वाटते, कारण इंग्रजी शब्दांची भीती असते. मंत्र म्हटला की सुटलो, असे वाटते. वास्तविक ही यंत्रणा समजायला फारसे इंग्रजी लागत नाही. पत्ता, चिठ्ठी, तक्ता आणि वाचणारा, एवढे चार शब्द पुरे आहेत.

म्हणून एक सूचना करतो. फ्रेमवर्क शिकण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा हा तक्ता हाताने बनवावा. जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून एक छोटा एचटीटीपी सर्व्हर जावाबरोबरच मिळतो. तो सुरू करावा, पत्ता आणि फंक्शन यांचा मॅप स्वतः भरावा, आलेल्या विनंतीचा पत्ता त्यात शोधावा. नंतर स्वतःचे एक अ‍ॅनोटेशन तयार करून रिफ्लेक्शनने वाचून पाहावे. त्याचे रिटेन्शन ‘रनटाइम’ ठेवले नाही तर प्रोग्राम चालू असताना ते दिसतच नाही, हा धडा तिथेच मिळेल. दोन शनिवारांचे काम आहे. मग खुशाल स्प्रिंग बूट वापरावे.

येत्या सत्रापासून शाळेची संगणक खोली शनिवारी दुपारी दोन तास यासाठी उघडी राहील. नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा आणि कार्यालयात नाव नोंदवावे. येताना तयार प्रोजेक्ट आणू नये. कोरी फाइल उघडून पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी.