पोट बिघडलंय? आधी खुर्ची सोडा!

जळकोटहून एसटीने नळदुर्ग नाहीतर तुळजापूर गाठायचं, लेक्चर्स, मग अभ्यासिका आणि रात्री मोबाईल. अख्खा दिवस बसूनच जातो ना तुमचा? मग पोट जड, गॅसेस, कंबरेत ओढ. आणि शिव्या खातो बिचारा वडापाव!

हल्ली रील्समध्ये नवा आरोपी सापडलाय, 'सोअस' स्नायू. तो कंबरेच्या मणक्यांपासून निघून ओटीपोटातून मांडीच्या हाडाला जोडला जातो. आतडी त्याच्या पुढेच असतात. तासन्‌तास बसलं की तो आखडू शकतो. पण त्यामुळेच पचन बिघडतं, याला ठोस पुरावा नाही. पोक काढून बसलं की पोट दाबलं जातं आणि हालचाल कमी असली की बद्धकोष्ठता वाढू शकते, हे मात्र खरं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. स्ट्रेचिंग जरूर करा, पण त्याला औषध समजू नका. पाऊण तासाने उठा, पाणी प्या, जेवल्यावर शतपावली करा. एवढ्याला ना जिम लागते ना पैसे.

आणि पोटात उजवीकडे खाली दुखतंय, मांडी मागे नेली की कळ वाढते, सोबत ताप, उलट्या? सुजलेलं अपेंडिक्स या स्नायूला टेकलं की असं होऊ शकतं. अशा वेळी रील बघून ताणत बसू नका, 'पेपर झाल्यावर बघू' असंही म्हणू नका. थेट दवाखाना गाठा. पेपर पुन्हा देता येतो!