बेटकुळी आणि उंदराचं पिल्लू

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर माझ्या वडिलांनी नातवाला फर्मावलं, "बेटकुळी काढून दाखव की रे!" वडील कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीत घुमलेले. आमचा चौदा वर्षांचा चिरंजीव नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, लोउ-श्यू-जाय!" पठ्ठ्याने लगेच बाही सरकवून दंड फुगवला.

इथे हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये दंडातल्या त्या गोळ्याला 'लोउ-श्यू-जाय' म्हणतात. म्हणजे उंदराचं पिल्लू. आपल्याला कातडीखाली बेडकी दिसली, यांना उंदीर.

बलदंड माणूस म्हणजे 'दाय-जेक'. 'दाय' म्हणजे मोठा, आणि 'जेक' हा एरवी कोंबड्या-कुत्री मोजताना लावायचा शब्द. 'केवढं हे जनावर!' असं कौतुक मला तरी त्यात ऐकू येतं. 'दाय-जेक-लोउ' नावाचा सिनेमाच २००३ मध्ये आला होता, अँडी लाउ त्यात नकली स्नायूंचा अंगरखा चढवून वावरतो. पण 'दाय-जेक-गोंग' म्हणाल तर नुसता बोलघेवडा, बोलाचीच कढी! पोटावरचे चौकोन चॉकलेटचे. हडकुळा पोरगा म्हणजे फासळ्या, हॉटेलात ताटात येतात त्या. आणि टाटा करताना दंडाखाली जे लोंबतं-हलतं, ते 'बाय-बाय मांस'. माझ्याकडे ते भरपूर आहे.

आपली मंडळी म्हणतात, इंग्रजीवर भागतंय, कँटोनीज कशाला? दहा-दहा वर्षं राहून गाडी 'म्-गोय'च्या पुढे, म्हणजे 'थँक्यू'च्या पुढे, जात नाही. मला हे पटत नाही. ज्यांच्यात राहतो त्यांची थट्टाही कळू नये?

पण त्या दिवशी लागलं ते वेगळंच. मुलाला हे शब्द बास्केटबॉलच्या मैदानावर, एकमेकांना चिडवताना मिळाले. मराठी मात्र त्याला माझ्याकडूनच मिळणार, आणि मी दिली ती 'जेवलास का, अभ्यास झाला का' एवढीच. काटक, पिळदार, धिप्पाड, पाप्याचं पितर... असं त्याला कधी कुणी म्हटलंच नाही. दोष त्याचा कसा? इथल्या मराठी वर्गात बाराखडी आणि श्लोक होतात. थोडे जोर-बैठकाही घ्या, असं मी सुचवलं, तर लोक हसले. मी मस्करी करत नव्हतो.

सध्या दर रविवारी आजोबा-नातवाची देवाणघेवाण चालते. एक शब्द कोल्हापूरचा, एक हाँगकाँगचा. वडिलांना 'दाय-जेक' जमलंय, सूर तेवढा दर वेळी चुकतो, आणि नातू सोफ्यावर लोळून हसतो.